मागून मारलेली हाक

पोलीस ठाण्यात गुन्हा कबूल करायला आपणहून चालत येणारा माणूस विरळाच. रंगेहाथ सापडलेलासुद्धा 'साहेब, मी तिथं नव्हतोच' म्हणतो. म्हणूनच ती बाई आजही आठवते. लोहा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. चाळिशीची एक शेतकरी बाई सरळ माझ्या टेबलापुढं आली आणि म्हणाली, "सायब, मला आत घाला. लेकीला म्याच मारलंय."

खुनाची कबुली म्हटल्यावर ठाणं जागं होतं. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि आमच्या महिला हवालदार बाईंना शेजारी बसायला सांगितलं. विचारपूस केली तर निघालं भलतंच. मुलगी लातूरला नर्सिंग शिकत होती. दोन वर्षांपूर्वी गावाहून लातूरला परत जाताना तिच्या काळीपिवळी जीपला ट्रक धडकला, त्यात ती गेली. अपघाताचा गुन्हा दुसऱ्या ठाण्यात नोंद होता, ट्रकवाल्याला अटकही झाली होती.

"मग तुम्ही कसं मारलं?" हवालदार बाईंनी विचारलं.

"ती निघाली तवा म्या मागून हाक मारली. डबा राहिला म्हणून. घरात तवा दुसरं कुणी नव्हतं. पोरगी उंबऱ्यावर थांबली, मागं फिरली अन् मग गेली."

आपल्याकडं बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, हे कुणाला सांगायला नको. मी स्वतः शिकलेला माणूस, पण तपासाला निघताना कुणी टोकलं तर आजही दोन मिनिटं बसून मग निघतो. हसायचं तर हसा. त्यामुळे बाईला वेड्यात काढणं मला जमलं नाही. बाईनं खाणं सोडलं होतं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. सासू तिच्या हातचं पाणी घेत नव्हती, नवरा बोलत नव्हता. ही बाई अशीच राहिली तर फार दिवस काढणार नाही, हे डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

मला खटकली ती एकच गोष्ट. दोन वर्षं ही बाई गप्प होती आणि आताच का आली? विचारलं, तर म्हणाली, "मलाबी ठावं नव्हतं सायब. मनकवड्यानं काढून दिलं."

हा मनकवडा कोण, ते मला बांगड्या विकणाऱ्या एका चाचांकडून कळलं. घरोघरी फिरणारा माणूस, गावातली कुठली सून कधी रडली हे त्यांना आधी कळायचं. ते म्हणाले, "साब, बसस्टँडच्या मागं बसतो. दर गुरुवारी ही गर्दी. डोळे मिटायला लावतो अन् तुमच्या मनातलं धडाधडा सांगतो. आदमी कमाल हाय. पण एक सांगू? तिथून निघालेला माणूस मी अजून हसताना न्हाई पाहिला." मग खालच्या आवाजात म्हणाले, "माझी बीवीबी गेली होती. तवापासून तिला वाटून राहिलंय, की तिच्या अम्मीला शेवटचं पाणी तिनंच दिलं न्हाई."

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याला ठाण्यात आणलं. माझ्या डोळ्यांसमोर जटा, भस्म, अंगारा असलं काहीतरी होतं. आला तो इस्त्रीच्या शर्टातला, तेल लावून भांग पाडलेला, पन्नाशीचा शांत माणूस. आमच्या एका शिपायानं लगेच त्याची परीक्षा घेतली.

"सांगा, माझ्या मनात काय चाललंय?"

"चहा," तो म्हणाला.

दुपारचे चार वाजत आले होते. त्या वेळी अख्ख्या ठाण्याच्या मनात चहाच असतो. तरी शिपाई गार पडला.

चौकशीत तो काही लपवत नव्हता. "मी आत शिरतो साहेब. त्यांना डोळे मिटायला लावतो, मीही मिटतो. जे दिसतं ते सांगतो. मी कुणाला बोलावणं धाडत नाही."

"त्या बाईच्या मनात काय दिसलं?"

"पहिल्या खेपेला दार दिसलं. दुसऱ्या खेपेला डबा. तिसऱ्या खेपेला हाक ऐकू आली. तिची सासूही तेव्हा शेजारीच होती."

त्याला बाहेरून माहिती पुरवणारी माणसं असतील, असा माझा कयास होता. पण हवालदार बाईंनी दोन दिवस खोदून पाहिलं, तसं कुणीच सापडलं नाही. मग मी त्याला पुन्हा बोलावलं आणि म्हणालो, "माझ्या आत शिरून दाखव."

त्यानं डोळे मिटले. मीही मिटले, म्हटलं बघू तरी. तो हळू आवाजात बोलू लागला. "शेत आहे. विहीर आहे. काठाला शेवाळ. तुम्ही लहान आहात. धाकट्या भावाचा हात तुमच्या हातात आहे. तो घसरतोय. तुम्ही हात सोडलात."

"भाऊ जिवंत आहे माझा," मी म्हणालो.

"कुणीतरी वर काढलं. पण तुम्ही हात सोडलात साहेब."

मी हसून विषय संपवला. पण संध्याकाळी घरी जेवायला बसलो आणि घास हातातच राहिला. मला ते हिरवं शेवाळ दिसत होतं. ओला, निसटणारा छोटा हात बोटांना जाणवत होता. आणि वाटायला लागलं, की अरे, हे तर मला आधीपासूनच माहीत आहे, इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं. ताट बाजूला सारून मी निलंग्याला थोरल्या बहिणीला फोन लावला.

"अक्का, मी लहानपणी विहिरीपाशी धाकट्याचा हात सोडला होता का गं?"

"कुठली विहीर?" ती म्हणाली. "आपल्या रानात कधी विहीर होती का? बोअर होतं की. जेवलास का तू?"

मी फोन ठेवला. इतके दिवस मी एकच प्रश्न घेऊन बसलो होतो, की याला बाहेर काढता येतं तरी कसं. आता कळलं, की हा बाहेर काही काढतच नव्हता. हा आत ठेवत होता. पोलिसाच्या डोक्यात एका बैठकीत जर विहीर खणता येते, तर लेक गमावलेल्या आईच्या डोक्यात तीन गुरुवारांत काय काय मांडता येईल?

म्हणजे आता तपास वेगळाच होता. त्या सकाळी नेमकं काय घडलं, ते शोधायचं. हवालदार बाईंना घेऊन मी गावात गेलो. पोरगी गेली ते दिवस हळद शिजवायचे होते, हे बाईच्या जबाबात होतं. म्हणून हळदीच्या कामाला असलेल्या बायका गाठल्या. एकेकीला वेगळं बसवलं, म्हणजे एकीचं दुसरीच्या कानावर जायला नको. आणि हवालदार बाईंना बजावलं, डबा, दार, हाक यातला एकही शब्द आपल्या तोंडून जाता कामा नये. फक्त विचारायचं, त्या दिवशी सकाळी काय काय झालं?

पहिली बाई म्हणाली, "सकाळी ही घरी कुठं होती? आमच्यासंगं रानात होती की, कढईपाशी. फटफटायच्या आतच जाळ घातला होता. पोरगीच रानात आली हिला भेटाया. हिचे हात हळदीनं पिवळे. ही लांबूनच म्हणती, जा बाई, कपडे खराब होतील. तर पोरगी हसली. मायचा हात धरला अन् आपल्याच गालाला लावला. म्हणली, आता कशी दिसती?"

दुसरीनं हेच सांगितलं. तिसरीला गालाचं आठवत नव्हतं, पण पोरगी रानातून सरळ डांबरीवर गेली, घराकडं वळलीच नाही, हे ती शपथेवर सांगायला तयार होती.

मग आम्ही घरी गेलो. सासू ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिलाही एवढंच विचारलं, नातीला घरी आणली तेव्हा काय काय केलं? म्हातारीनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "म्या तिचं तोंड पुसलं. फडकं पिवळं झालं. म्हणलं, दवाखान्यातलं औषिध आसंल."

तेव्हा मी तिला रानातलं सगळं सांगितलं. म्हातारीचे हात सुपावर थांबले. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती उठली, आत गेली आणि सुनेला म्हणाली, "पानी दे गं मला." सुनेनं तांब्या भरून दिला. म्हातारी सगळं पाणी प्यायली आणि चुलीपाशीच बसून मोठ्यानं रडली. बाईचा नवरा दारात उभा होता. त्यालाही रडू आवरेना. आमच्या हवालदार बाई खाकीतही डोळे पुसत होत्या, आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो.

मनकवड्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल केला. चाचांच्या बीवीसह आणखी काही बायका जबाब द्यायला आल्या. दोषारोपपत्र गेलं, पुढं माझी बदली झाली. तो लबाड होता का? हा प्रश्न मला अजून पडतो. त्यानं माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं होतं, की मला खरंच दिसतं साहेब. मला वाटतं, त्याला दिसतही असेल. दुसऱ्याच्या घरात शिरून आपलंच सामान मांडायचं आणि हे यांचंच आहे म्हणायचं, असं काहीतरी ते होतं. कायद्यात या गुन्ह्याला नेमकं कलम नाही. जे जवळचं सापडलं ते मी लावलं.

त्यानंतर नोकरीत जितकी वर्षं होतो, तितकी वर्षं मी एक नियम पाळला आणि हाताखालच्यांनाही पाळायला लावला. साक्षीदाराला 'तू दारात उभा होतास ना?' असं विचारायचं नाही. 'कुठं होतास?' एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. घाबरलेल्या, दुःखी माणसाच्या मनाला कडी नसते. आपण प्रश्नात जे घालून देऊ, ते तो उद्या आठवण म्हणून परत देईल.

बदलीआधी ती बाई एकदा ठाण्यात आली. अंगावर थोडं मांस आलं होतं. म्हणाली, "सायब, आता मला रान दिसतं. पोरगी वाकलेली दिसती. पर दारातलंबी दिसतं, हाकबी ऐकू येती. हे रानातलं मला खरंच आठवतंय, का तुम्ही सांगितलं म्हणून दिसून राहिलंय?"

सरकारी नोकरीत खोटं बोलायची वेळ पुष्कळदा येते. तिच्याशी मला खोटं बोलवेना. मी म्हणालो, "घडलं ते रानातच, ताई. त्याला साक्षीदार आहेत. पण तुमच्या मनातलं मला नाही सांगता यायचं."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "आसू द्या. मी आता हेच ठिवते. ह्याच्यात ती हसून राहिलीय."