चिठ्ठीमास्तर

मास्तर कुणासाठी दोन ओळींची चिठ्ठी लिहिण्याआधी त्याच्या घरी जेवायला जात. आमंत्रणाची वाट बघत नसत. "गुरुवारी येतो, रोजचंच करा," एवढंच सांगत. एका घरी त्यांना ताटात श्रीखंड दिसलं. "आज सण आहे का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते पाटावरून उठले. "मग मी पुढच्या आठवड्यात येतो. मला तुमचं घर बघायचंय, पाहुणचार नको." त्या घरच्या बाईनं पुढच्या आठवड्यात आमटी-भात केला आणि चिठ्ठी मिळवली. आमच्या मावशीनं ही गोष्ट आईला मुद्दाम सांगितली होती, म्हणजे आई उगाच खर्चात पडायची नाही.

ते डोंबिवलीतल्या एका शाळेतून निवृत्त झाले होते. डोक्यावर काळी टोपी, खिशाला शाईचा डाग, आणि ऐकायला जरा कमी येत असल्यामुळे समोरच्याच्या तोंडाकडे रोखून बघायची सवय. गावठाणातले बरेच घरमालक त्यांचे विद्यार्थी, नाहीतर विद्यार्थ्यांचे बाप. भाड्यानं खोली हवी असली की मालक पगाराची पावती मागत, कंपनीचं नाव विचारत. पावती नसलेल्यांकडे मास्तरांची चिठ्ठी असे. 'या कुटुंबाला मी ओळखतो. घर नीट चालतं. खोली द्यावी.' खाली सही. "ओळखतो असं लिहायचं तर ओळखायला नको का?" ते म्हणत. म्हणून ते जेवण.

आम्ही तेव्हा ठाण्याला कोपरीत राहत होतो. अकरा महिन्यांचा करार संपत आला होता आणि मालक तो वाढवायला तयार नव्हता. माझ्या वडिलांच्या कारखान्याला टाळं लागून सहा महिने झाले होते. तरीही ते रोज डबा घेऊन बाहेर पडत, गेटवर इतर कामगारांबरोबर बसत आणि संध्याकाळी परत येत. आई साड्यांना फॉल लावून घर चालवत होती. नवी खोली बघायला गेलं की मालक कंपनीचं नाव विचारी आणि ते ऐकताच चहाचंही न विचारता आत जाई. महिनाअखेरीला सामान रस्त्यावर येणार, हे मला नऊ वर्षांच्या पोरीलाही कळत होतं. रात्री आईबाबा कुजबुजत ते मी ऐकत होते.

मास्तर आले त्या दिवशी कुळथाचं पिठलं आणि भात होता. ते सावकाश जेवले, दुसऱ्यांदा पिठलं मागून घेतलं. मग बाबांना काही न विचारता माझ्याकडे वळले. "मोठी माणसं मला हवं ते सांगतात," ते म्हणाले. "तू सांग गं, बाबा कोणत्या पाळीला जातात?"

बाबांचा हात भातावर थांबला. मला कुणीही काही पढवलेलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी म्हणाले, "या आठवड्यात पहिली. पुढच्या आठवड्यात दुसरी. दुसरी असली की मला गोष्ट सांगायला कुणी नसतं." शेवटचं वाक्य तर मी हौसेनं जोडलं. मास्तर हसले. हात धुऊन त्यांनी आमच्याच घरी चिठ्ठी लिहिली.

त्या चिठ्ठीवर आम्हाला डोंबिवलीला नानांच्या चाळीत खोली मिळाली. नाना आगरी, बोलायला फटकळ, मनानं साधे. त्यांनी चिठ्ठी उघडूनसुद्धा पाहिली नाही. "मास्तरांचा शबूद हाय ना? मंग मना कागूद कशाला?" म्हणत त्यांनी किल्ली बाबांच्या हातावर ठेवली. आई त्या संध्याकाळी देवापुढे बसून खूप रडली.

पाच महिन्यांनी नानांना कळलं. बाबांच्या कारखान्यातला एक जण शेजारच्या चाळीत राहायला आला होता, त्याच्या बोलण्यातून सगळं बाहेर आलं. नाना चिडून मास्तरांनाच आमच्या दारात घेऊन आले. "मास्तर, कारखाना बंद हाय ह्ये तुमाला म्हाईत होता का नाय? येवढाच सांगा."

मास्तर नाही म्हणाले असते तर आम्ही चोर ठरलो असतो आणि त्याच दुपारी बाहेर पडलो असतो. त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा मान खाली घालून उभे होते. मग माझ्याकडे पाहिलं. मी आईचा पदर तोंडात धरला होता. "ठाऊक होतं," मास्तर म्हणाले. "माणूस चांगला आहे म्हणून लिहिलं."

नानांनीही माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोरीची शाला बुडल. ऱ्हावा तुमी, अकरा महिने भरूं दे." मास्तरांशी मात्र ते एक शब्दही न बोलता निघून गेले.

आम्ही राहिलो. पुढे बाबांना कल्याणला रखवालदाराची नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. पण गावठाणात बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? मास्तर जाणूनबुजून खोटी चिठ्ठी देतात, असं झालं. मालक त्यांची चिठ्ठी घडी करून तशीच परत देऊ लागले. मास्तरांनी लोकांकडे जेवायला जाणं बंद केलं. कुणी आलंच तर दारातूनच सांगत, "माझी चिठ्ठी आता चालत नाही हो."

मोठेपणी मला नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन मास्तरांकडे गेले. मनात धरून गेले होते की, त्यांनी मला केव्हाच ओळखलं असेल, माझं खोटं जाणूनच त्यांनी चिठ्ठी दिली असेल. तसं विचारलंसुद्धा.

"छे," ते म्हणाले. "मी साफ फसलो. तू फार सफाईनं बोललीस."

"मग नानांना 'ठाऊक होतं' असं का सांगितलंत?"

"तुम्ही जाणार कुठे होतात?"

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, समजूत घातली नाही. मग म्हणाले, "तुझ्यावर राग नाही. तुमच्यानंतर एक बाई आली होती. नवरा गेलेला, पदरात दोन पोरं. मी तिच्याकडे जेवलो होतो, चिठ्ठीही लिहिली. पाच मालकांनी परत केली. शेवटी दिवा गावात राहायला गेली. तिथे पाण्याचे हाल. धाकटा काविळीनं गेला." त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला. "अजून तिथेच असते. पत्ता देतो. एकदा जाऊन ये."

त्यांनी पत्ता लिहून दिला, मी पर्समध्ये ठेवला. तीन वर्षांनी मास्तर गेले. कल्याणहून दिवा किती लांब आहे? मी अजून गेलेले नाही.