सोबत आणणाऱ्याचे नाव

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, नाहीतर तुम्ही मला भलत्याच गटात टाकाल. भूत, आत्मा, दृष्टांत — यातलं काही मी मानत नव्हते. माझं माहेर साताऱ्याचं, वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणाला लागीर झालंय असं कुणी म्हटलं की बाबा विचारायचे, "ताप मोजला का?" त्या घरात वाढलेली मी. आजही फारसं मानत नाही. तरीही हे लिहायला बसलेय, कारण ज्यांच्याबद्दल आहे त्या बाईंवर माझा फार जीव होता. नावं अर्थातच बदलली आहेत.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आम्ही नुकतेच वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहायला आलो होतो. सगळीकडे बांधकामं, धूळ, नळाला एक दिवसाआड पाणी... मुलगी शाळेत जायला लागली आणि मी वसई पश्चिमेला महिलांच्या एका सल्ला केंद्रात काम धरलं. केंद्र म्हणजे चर्चच्या मागच्या गल्लीत एक खोली, दोन टेबलं आणि एक फोन. घरात मारहाण होणाऱ्या, जाळायचा प्रयत्न झालेल्या, जबरदस्ती झालेल्या बायका यायच्या. माझं काम समन्वयाचं. डॉक्टरांची वेळ घ्यायची, पोलीस ठाण्यात आधी फोन करून ठेवायचा, वकील मॅडमना कागद पोचवायचे, राहायची सोय बघायची.

कागदावर हे सोपं दिसतं. पण सरकारी दवाखाना एका टोकाला, पोलीस ठाणं दुसरीकडे, कोर्ट तिसरीकडे. प्रत्येक ठिकाणी बाईने तीच कथा पहिल्यापासून सांगायची. मी सगळ्या वेळा नीट जुळवून द्यायची आणि बाई मधल्या रस्त्यातच गळायची. दवाखान्यातून निघालेली पोलीस ठाण्यापर्यंत पोचायचीच नाही. घरी परत जायची.

ते गळणं थांबवलं लुसीमावशींनी.

लुसीमावशी वसईजवळच्या राजोडी गावच्या. साठी ओलांडलेली, विधवा, बुटकी, चालायला तुरतुरीत. पूर्वी डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायच्या, त्यामुळे अर्धी वसई त्यांना नावाने ओळखायची. केंद्रात त्यांना पद-बिद काही नव्हतं. एकदा कुणातरी शेजारणीला घेऊन आल्या आणि मग येतच राहिल्या. बाईबरोबर चालत जायचं, बाकावर तिच्या शेजारी बसायचं, नाव पुकारलं की तिच्याबरोबर उठायचं, एवढंच त्या करायच्या. काय झालं, कोणी मारलं, एक अक्षर विचारायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "मावशी, थोडी माहिती काढून घेत जा ना, मला फॉर्म भरायला सोपं जाईल." तर म्हणाल्या, "तू इचार की बाय. तुला फॉर्म हाय. मला कुठं फॉर्म हाय?"

पिशवीत कायम सुकेळी. वसईबाहेरच्यांसाठी सांगते — राजेळी केळी उन्हात वाळवून करतात, मधासारखी लागतात. मावशी स्वतः करायच्या. बायकांबरोबर आलेल्या रडक्या मुलांच्या हातात एकेक सुकेळं जायचं आणि दवाखान्यात शांतता व्हायची. माझ्याही हातात यायचं, विशेषतः मी चिडलेली असले की.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता मावशींना लकवा झाला. उजवी बाजू पूर्ण गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं जेमतेम. मी दर रविवारी राजोडीला जायची. सून रोझी सगळं करत होती. कूस बदलायलासुद्धा दोन माणसं लागायची. हे मुद्दाम सांगतेय. लक्षात ठेवा.

चारेक महिने झाले असतील. विरारपलीकडच्या चांदीप गावातल्या अंगणवाडीच्या बाईंचा फोन आला. गावात सुरेखा नावाची एक पोर आहे, चोवीस-पंचवीसची, नवऱ्याने मनगट मोडलंय, पाठीवर पट्ट्याचे वळ आहेत. यापूर्वी दोनदा निघाली होती आणि दोन्ही वेळा विरार स्टेशनवरून परत गेली होती. मी फोनवर तिच्याशी बोलले. नुसतं "हां... हां..." करत होती. मी म्हटलं, "उद्या दहा वाजता वसईच्या सरकारी दवाखान्यात ये. दारातच मी उभी असेन. नक्की." ते "नक्की" माझ्या मनात अजून रुतून बसलंय.

दुसऱ्या दिवशी माझी साडेनऊला कोर्टात दुसऱ्या एका बाईची तारीख होती. वाटलं, पुकारा लवकर होईल. झाला नाही. अकरा वाजले, बारा वाजले... ती बाई माझा हात सोडेना, आणि मोबाईल वगैरे आमच्यासारख्यांकडे तेव्हा नव्हते. दवाखाना रिक्षाने फार तर दहा मिनिटांवर, पण मला उठता येईना. पोचले तेव्हा सव्वा वाजून गेला होता.

बाकावर कोणी नव्हतं. ओपीडी बंद होत आली होती. तिसऱ्यांदा परत गेली असणार, आणि या वेळी माझ्यामुळे.

तेवढ्यात तिथल्या आया शेवंताबाई बादली घेऊन बाहेर आल्या. आम्हाला चांगल्या ओळखत. मला बघून म्हणाल्या, "आता आलात होय? तुमच्या मावशी कधीच घेऊन गेल्या तिला."

"कोण मावशी?"

"लुसीमावशी, दुसरं कोण! बऱ्या झाल्या वाटतं? मी हाक मारली, पण त्या पोरीला घेऊन एक्स-रेला निघाल्या होत्या. नुसता हात केला."

मला काय वाटलं असेल? अंगावर काटा वगैरे काही नाही. मला राग आला! वाटलं, ही बाई अंथरुणातून उठून, एसटी पकडून इथपर्यंत आली की काय. रोझीने सोडलंच कसं? आणि त्या रागातच डोळे भरून आले, कारण मावशी पुन्हा चालायला लागल्या असतील तर त्याहून चांगलं काय होतं?

रिक्षा करून केंद्रात आले. दार उघडं. आत खुर्चीवर सुरेखा बसलेली, उजव्या हाताला ओलं प्लास्टर, मांडीवर तीन वर्षांची लेक गाढ झोपलेली. लेकीच्या मुठीत अर्धं खाल्लेलं सुकेळं.

"ताई ना तुमी? मावशी म्हनल्या, ताई येतील, बस."

"मावशी कुठेयत?"

"दारापातुर आल्या. किल्ली कुठं टांगलेली असते ते त्यांनीच दावलं. म्हनल्या, मला उशीर होतोय."

किल्ली आम्ही शेजारच्या शिंप्याच्या दुकानात खिळ्याला टांगायचो. मी त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "एकटीच आली की ती. लेकरू कडेवर होतं. बोलत बोलत येत होती... मला वाटलं, लेकराशी बोलतेय. सरळ आत आली, खिळ्यावरची किल्ली घेतली. मी म्हटलं, तुम्हीच पाठवलं असेल."

मी परत येऊन सुरेखाचा कागद बघितला. मारहाणीची केस असली की डॉक्टर वेगळा कागद करतात. जखमा कुठे, किती जुन्या, सगळं त्यात लिहितात. पुढे कोर्टात सगळं त्याच्यावर उभं राहतं. कागद उत्तम झाला होता, पाठीवरचा एकेक वळ नोंदवलेला. आणि वरच्या बाजूला, "सोबत आणणाऱ्याचे नाव" या रकान्यात, नव्यानेच आलेल्या डॉक्टरच्या अक्षरात — लुसी, राहणार राजोडी, नाते: मावशी.

त्या दिवशी विचार करायला वेळ नव्हता. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली, चर्चच्या सिस्टर लोकांच्या आश्रमात मायलेकींची सोय केली, पांघरुणं नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळी कामं टाकून राजोडी गाठली.

मावशी खाटेवर होत्या. तशाच. उजवा हात उशीवर ठेवलेला, बोटं आत वळलेली.

मी काही विचारायच्या आधी रोझीच बोलायला लागली. "ताई, काल काय घाबरवलं आईनं! सकाळी नवाच्या सुमाराला झोपली ती उठायलाच तयार नाय. हलवलं, हाका मारल्या, तोंडावर पानी मारलं... डॉक्टरला बोलवलं. तो बोलला, नाडी बरी हाय, झोपू दे. मी तर फादरना सांगावा धाडनार होती. आन दुपारी, दीड वाजून गेला असेल, डोळे उघडले आन जेवायला मागितलं! महिनाभर पेज पन गिळत नव्हती. काल दोनदा भात घेतला, बोंबलाच्या कालवनाबरोबर. शेतावरून आल्यावानी जेवली बघा."

"मावशी कुठे बाहेर... म्हणजे कोणी त्यांना खुर्चीवरून वगैरे..."

"कुठं नेनार ताई? हिला कूस वळवायची तर मला नवऱ्याला हाक मारावी लागते."

"आणि सुकेळी? घरात आहेत का थोडी?"

रोझी हसली. "यंदा कोनी केली? करनारी ही अशी पडली."

ती चहा ठेवायला आत गेली. मी खाटेच्या कडेला बसले. कोर्टात दिवसभर प्रश्न ऐकणारी मी, साधा एक प्रश्न विचारायच्या आधी त्यांची उशी सारखी करत बसले.

"मावशी, काल... सुरेखाला तुम्ही घेऊन गेलात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग चेहऱ्याची डावी बाजू हसली. शब्द जड येत होते, एकेक करून.

"तू... लय उशीर केलास, बाय."

मी उशीर केला हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी नवऱ्यालासुद्धा नाही, लाज वाटत होती म्हणून. मी मावशींच्या त्या वळलेल्या बोटांवर डोकं टेकवलं आणि चांगली रडले. त्या डाव्या हाताने माझ्या पाठीवर थोपटत राहिल्या. रोझीला वाटलं, मी आजारपण बघून रडतेय.

पुढे प्लास्टर निघाल्यावर सुरेखाला एकदा राजोडीला नेलं. तिला आधी मुद्दामच काही सांगितलं नाही. ती उंबऱ्यातच थबकली आणि म्हणाली, "अगं बया... मावशी! तुमी एवढ्या आजारी कधी पडलात?" मावशींनी तिच्या हाताकडे बघितलं, मनगट फिरवून दाखव अशी खूण केली. तिने फिरवलं. मावशींचं समाधान झालं. परत येताना एसटीत मी तिला सगळं सांगितलं. ती बाहेर बघत राहिली.

नाताळच्या आधी मावशी गेल्या. झोपेतच.

केस उभी राहायला दोन वर्षं लागली आणि तोवर तो रकाना माझ्या मानगुटीवर बसला होता. विरुद्ध बाजूच्या वकिलाने माहिती काढली होतीच. त्याने सुरेखाला विचारलं, "या लुसीबाई तेव्हा लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या होत्या, हे खरं की नाही? मग हा कागद बनावट नाही का?"

मी मागच्या बाकावर. फोनवर "हां... हां..." करणारी ती पोर पिंजऱ्याचा कठडा धरून सरळ उभी राहिली.

"साहेब, त्या अंथरुनावर होत्या का नव्हत्या, ते मी कसं सांगू? माझ्याजवळ त्या होत्या. एक्स-रे काढताना माझा दुसरा हात त्यांनीच धरला होता."

वकील आणखी काही म्हणणार, तेवढ्यात न्यायाधीश बाई म्हणाल्या, "डॉक्टरांची साक्ष झालेली आहे. हाड मोडलं होतं की नव्हतं, त्याबद्दल विचारायचं असेल तर विचारा." त्याबद्दल त्याच्याकडे विचारण्यासारखं काही नव्हतं. निकाल सुरेखाच्या बाजूने लागला.

मी पुष्कळ शक्यता तपासल्या. शेवंताबाईंनी दुसऱ्याच कुणाला पाहिलं असेल, पण त्या मावशींना वीस वर्षं ओळखत होत्या. सुरेखाला नाव अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं असेल, पण त्यांनाच ते ठाऊक नव्हतं. सुकेळं बाजारातलं असेल. असेलही. शिंप्याला ती एकटी दिसली, हेही खरंच आहे, ते मी लपवत नाही. एवढं सगळं मांडूनसुद्धा "तू लय उशीर केलास" याच्यापाशी येऊन माझा हिशोब थांबतो. बाबा हयात असते तर काय म्हणाले असते, कोण जाणे.

सुरेखा आता केंद्रातच असते. बायकांबरोबर दवाखान्यात, कोर्टात जाते. मध्यंतरी एकदा दुपारी डबा खाता खाता मी तिला विचारलं, "खरं सांग, एसटीत तुला कळलं तेव्हा भीती नाही वाटली? तीन तास तू कुणाबरोबर होतीस, असं?"

तिने घास संपवला.

"भ्यायला घरी मानूस होता, ताई," ती म्हणाली. "त्या बाकावर मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं."