बडी बहनजींच्या चौदा उठाबशा

आधी चहाचा कप खाली ठेवा, मग ऐका. मी जो घोळ घातला ना, तो आमच्या अख्ख्या बूढ़ापारा मोहल्ल्यानं डोळ्यांनी पाहिला, पण त्यात नेमकं काय चाललं होतं हे माझ्या मुलाशिवाय अजून कोणाला कळलेलं नाही. तुम्ही घरचे म्हणून सांगते. बाहेर बोलाल तर याद राखा!

तर, मी एकाहत्तर वर्षांची. रायपुरात मुलींच्या शाळेत हेडमिस्ट्रेस होते. मला इथे नावानं कोणी ओळखत नाही, सगळ्यांची मी बडी बहनजी. मी वर्गात शिरले की पन्नास पोट्ट्या ताडकन उभ्या! मी मात्र कोणासाठी उठले नाही. इन्स्पेक्टर आला तरी खुर्चीतूनच नमस्कार. तोरा होता हो, खोटं कशाला बोलू?

त्याच खुर्चीनं शेवटी माझा तोरा उतरवला. बसले की उठताच येईना. हात टेका, "आई गं" म्हणा, एकदा परत आपटा, मग कुठे उभं राहायचं. आणि हे नेमकं नितीननं व्हिडिओ कॉलवर पाहिलं. नितीन म्हणजे माझा मुलगा, हैदराबादला असतो. मराठी सगळं समजतं त्याला, पण बोलताना गाडी हिंदीवर जाते.

"आई, बस हो गया. अब तू मेरे पास रहेगी."

"मले नाही यायचं."

"अकेली गिर गई तो?"

आता सांगा, चाळीस वर्षांचं माझं घर, खाली उतरलं की ओळखीची भाजीवाली, चार पावलांवर बूढ़ा तालाब, जाता-येता "बहनजी प्रणाम" म्हणणारी माणसं. हे सोडून तिकडे सोळाव्या मजल्यावर बसून मी काय कबुतरं मोजू? जीव नुसता कासावीस झाला माझा.

मग गेले फिजिओथेरपीवाल्या दीप्ती साहूकडे. एवढीशी पोट्टी, पण आवाज असा की आमच्या पीटीच्या बाई आठवल्या. म्हणाली, "दादी, गोली से कुछ नहीं होगा. जाँघों में ताकत चाहिए. हाथ छाती पे बाँधो. अब कुर्सी से उठो. अब बैठो. फिर उठो."

म्हणजे उठाबशा! अहो, आयुष्यभर ज्या मी दुसऱ्यांना काढायला लावल्या, त्या आता मलाच! देव बघत असतो बरं का सगळं.

नितीननं अट घातली. तीन महिन्यांनी तो येणार. तीस सेकंदांत बारा वेळा, हात न टेकता उठून दाखवलं तर राहा रायपूरला. नाही जमलं तर त्याच्यासोबत गाडीत बसायचं. आणि कार्ट्यानं माझं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं!

तीन महिने मी घाम गाळला. सकाळी दहा, दुपारी दहा, संध्याकाळी दहा. पण घड्याळ लावलं की गाडी अकरावर अडायची. बारावीला मांड्या साफ नाही म्हणायच्या.

रविवारी सकाळी परीक्षा. नितीन शनिवारीच आला. त्याच्यासाठी पोहे कर, भरीत कर, यात माझ्या संध्याकाळच्या दहा राहून गेल्या. वरून त्याच संध्याकाळी आमच्या महिला मंडळाचा कार्यक्रम! सेक्रेटरी कुंदा स्वतः न्यायला आली. कुंदा माझी जुनी विद्यार्थिनी. आता स्वतः आजी झाली, पण मला पाहिलं की अजून पदर सावरते.

"बाई, तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवली आहे. काहून नाही म्हणून राहिल्या?"

गेलो. नितीन माझ्या मागच्याच रांगेत बसला. प्रमुख पाहुणे एक निवृत्त अधिकारी, विषय 'बुढ़ापे में स्वास्थ्य'. पण साहेब हळदीवर आले ते हळदीवरच थांबले. वीस मिनिटं हळद! साठ बायका, त्यातल्या निम्म्या माझ्या हाताखालून गेलेल्या, प्लास्टिकच्या खुर्च्यांत पेंगत होत्या.

आणि माझ्या डोक्यात काय? माझ्या दहा राहिल्या! उद्या परीक्षा, आणि मी इथे हळद ऐकून राहिले? म्हटलं, साडी सारखी करायच्या निमित्तानं एक हळूच उठाबशी काढून घेऊ. कोणाला कळतंय?

हात छातीशी बांधले आणि उठले.

शेजारी कुंदा ताडकन उभी! कुंदा उठली म्हणून पहिली रांग उठली. पहिली रांग उठली म्हणून अख्खा हॉल उठला. बडी बहनजी उभी आहे आणि आपण बसलोय, हे या बायकांच्या हाडाला झेपतच नाही ना!

साहेब हळदीवरच अडखळले. त्यांना वाटलं, हा आपला सन्मान. गहिवरून हात जोडले त्यांनी.

"बैठिए, माताजी, बैठिए."

मी बसले. साठ खुर्च्या करकरल्या.

आता इथे शहाण्या बाईनं गप्प राहावं की नाही? पण माझ्या लक्षात आलं, अरे, आज तर हात न टेकता अगदी अलगद उठले मी! राहवलं नाही. परत उठले. परत सगळा हॉल उभा. मागे कोणीतरी विचारलं, "आरती शुरू हो गई क्या?" एका आजीबाईंनी तर चपला काढून डोळेही मिटले.

नितीन मागून कानाशी आला. "आई, क्या हुआ? बाहेर जायचं का?"

"गप बस. उठाबशा काढून राहिली मी."

त्यानं खिशातून फोन काढला आणि हळूच म्हणाला, "टाइम लगाऊँ?"

त्या पोराच्या आवाजात थट्टा होती की आव्हान, देव जाणे. पण पेटले ना मी! म्हटलं, "लाव! आत्ता लाव!"

आणि मी सुटले. उठ, बस, उठ, बस. हॉल बिचारा माझ्या मागे धावतोय. चौथ्यापर्यंत सगळ्या बरोबर होत्या. सहाव्याला ताल चुकला. मी खाली, त्या वर. मी वर, त्या खाली. दर खेपेला साहेब हात जोडत होते, सोडत होते. कुंदा धापा टाकत विचारते, "बाई, आमचं काही चुकलं का?"

बोलायला श्वास होता कुठे? नऊ. दहा. अकरा. इथे मांड्या थरथरल्या. डोळ्यांसमोर ती सोळाव्या मजल्यावरची कबुतरं आली. दात-ओठ खाल्ले आणि उठले. बारा! तेरा! चौदा!

"टाइम अप! चौदा!" नितीन ओरडला आणि सरळ उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. हॉलला वाटलं, सुटलो एकदाचे. सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की भिंती हादरल्या. पोरानं मला मिठी मारली. त्याचे डोळे भरले होते, माझेही. तिथल्या तिथे फोन काढून त्यानं माझं तिकीट रद्द केलं. काय सांगू तुम्हाला, मॅट्रिक पास झाले होते तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता. जिंकले हो मी! माझं घर मी माझ्या मांड्यांच्या जोरावर राखलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर काय हवं होतं?

साहेब मंचावरून खाली उतरले. रुमालानं डोळे पुसत माझ्यासमोर येऊन वाकले. "माताजी, पूरी नौकरी में किसी ने एक बार खड़े होकर नहीं सुना मुझे. आपने तो... अब मैं हर शनिवार आऊँगा."

मला वाटलं, बोलतात माणसं असं भरात. पण साहेब शब्दाचे पक्के निघाले! आतापर्यंत हळद, मेथी, आवळा आणि कडुलिंब झालं. येत्या शनिवारी त्रिफळा, म्हणजे सरळ तीन भाग. आणि मी पहिल्या रांगेत येऊन बसल्याशिवाय ते माइक हातात घेत नाहीत.

काल रात्री मीच नितीनला फोन केला. म्हटलं, "अरे, ते तिकीट परत मिळेल का रे? शुक्रवारचं बघ."