जुना पत्ता

कुणीही कॉम्प्युटरपुढे बसलं की सर खांद्यामागून विचारत, "जुना पत्ता ठिवलास का?" आणि स्वतःचाच कान दोनदा ओढत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं एकच वाक्य सगळ्यांना पाठ असतं.

बीदरमधल्या त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवायला होते. टीव्हीला जोडायची, कॅसेटवरून प्रोग्राम चढवायची तीन मशिनं. मोठ्या शहरांत ती केव्हाच अडगळीत गेली होती; आमच्याकडे त्यांचा थाट होता.

पत्त्याचं सांगते. पत्ता म्हणजे मेमरीतल्या जागेचा आकडा. कळ दाबली की मशीन हातातलं काम टाकून एका ठरलेल्या जागी लिहिलेल्या पत्त्यावर जाई. तिथला जुना पत्ता टिपून ठेवून आपला घातला की आपला प्रोग्राम चाले. आपलं उरकल्यावर मशीनला जुन्या पत्त्यावर धाडायचं, नाहीतर आधीचं काम बंद पडे.

सरांच्या मशीनवर ते आधीचं काम त्यांच्या आईचं होतं. अव्वा मागच्या खोलीत लकव्याने पडून असत. त्यांच्या हातातल्या बटणाची तार सरांनी एका कळीला जोडली होती. त्यांनी बटण दाबलं की पडद्यावरचं सगळं थांबे आणि 'पीं' वाजे.

"साधी घंटी लावा की, सर," मी एकदा चिडवलं.

"व्हती, अक्का. मी प्रोग्राम लिव्हायलो व्हतो. 'आलो, अव्वा' म्हणलो आन् बसूनच ऱ्हायलो. ती पडली. काम थांबल्याबगर मी उठत न्हाई, म्हणून आता कामच थांबतंय."

पुन्हा मी चिडवलं नाही.

एका सकाळी सर फळ्यापाशी होते आणि मी त्यांच्या मशीनवर कळ दाबताच उडणारा पक्षी बसवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, मी फुगले. तासभर खेळ चालला.

सरांचा खडू थांबला. "अव्वा आज लई गप हाय की." मग पडद्याकडे बघून, "अक्का, जुना पत्ता ठिवलास का?"

नव्हता ठेवला.

सर धावले, मी मागे. अव्वा पलंगावरून अर्ध्या खाली आलेल्या, मान दुमडलेली, बटण मुठीत. दाबून दाबून अंगठा पांढरा पडला होता. श्वास चालू आहे का, हे बघायचा धीर मला झाला नाही. मग ओठ हलले.

"किती दाबू रे?"

सर रागावले नाहीत. "पत्ता घाल जा," एवढंच म्हणाले. सरांच्या वहीतला तो आकडा घालताना मी तीनदा चुकले.

त्यानंतर 'पीं' वाजली नाही की मला भीती वाटे, आणि वाजली तरी वाटे.

पुढच्या वर्षी अव्वा गेल्या. नवे कॉम्प्युटर आले, क्लास मोडला, सर हैदराबादला गेले ते पुन्हा दिसले नाहीत. पण त्याआधीची एक दुपार माझी पाठ सोडत नाही. अव्वा जाऊन महिना झाला होता. सरांनी तार काढली नव्हती, आणि तो प्रोग्राम ते रोज कॅसेटवरून चढवतच होते. शिकवता शिकवता पडदा थांबला. पीं.

मागच्या खोलीत कुणी नव्हतं. उंदरांनी तार कुरतडून आतल्या तारा एकमेकींना चिकटवल्या असणार, हे मलाही कळत होतं.

सरांनी खडू ठेवला. "आलो, अव्वा," म्हणाले आणि लगेच आत गेले.

ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. 'पीं' वाजतच राहिली. ती बंद कशी करायची ते मला ठाऊक होतं. मी मशीनला हात लावला नाही.