विष वाटेत सुटलं तर

प्रयोगशाळेत पिंजऱ्याचं झाकण उघडलं की उंदीर नाक वर करून धावत येतात. आज एकही हलला नाही. सगळे केस पिंजारून कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले होते.

काल आम्ही त्यांना नवं औषध टोचलं होतं. कॅन्सरची पेशी ओळखणाऱ्या पेप्टाइडला, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्याला, त्यात विष जोडलेलं होतं. तो जोड रक्तात टिकायला हवा, पेशीत शिरल्यावरच सुटायला हवा.

"वाटेतच सुटला असेल का गं?" मी मीनलला, माझ्या सहकारिणीला विचारलं.

बरं करायला निघालेलं विष मध्येच मोकळं झालं, की ते समोर येईल त्याला धरतं.

"आईला हाच कॅन्सर आहे," मीनल म्हणाली. "रोज विचारते, तुमचं औषध कधी येणार."

तेवढ्यात कडेचा एक उंदीर हळूच कुशीवर कलंडला.