चौगुले सरांचा दगडी कोळसा

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ऑफ तासाला चहा येतो, कुणीतरी एखादी गंमत सांगतो, दुसरा तिला मीठमसाला लावतो आणि बघता बघता ढीग होतो. शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेत हा ढीग बहुतेक एकाच माणसाचा आहे. चौगुले सर, विषय रसायनशास्त्र. मी मराठी शिकवते आणि सरांच्या शेजारची खुर्ची माझी. हल्ली त्यांच्या खुर्चीवर तपासायच्या वह्या ठेवतात. किस्सा सांगताना मला आधी हसू येतं आणि मग चुटपुट लागते, ती दिवसभर जात नाही.

*

सरांचा जीव एकाच धड्यावर. ऊर्जा आणि इंधनं! ऊन पिऊन वाढलेली आणि मग दलदलीत गाडली गेलेली झाडं, त्यांवर चढलेले मातीचे थर, दाब, उष्णता आणि कोट्यवधी वर्षं. हे सांगायला लागले की सरांना घंटा ऐकू यायची नाही. पुढच्या तासाची मी खडू घेऊन दारात उभी.

एकदा त्यांनी वर्गात विचारलं, ज्वलन म्हणजे काय? मागच्या बाकावरचा तालमीत जाणारा गडी उठला आणि छाती काढून म्हणाला, "सर, जाळ आन् धूर संगटच!"

आता हे आमच्या कोल्हापूरचं पेटंट वाक्य. रिक्षाच्या मागेसुद्धा लिहिलेलं असतं. वर्ग खदखदला. मी दारात उभी राहून आता याला मार बसणार म्हणून वाट बघत होते. सर अजिबात चिडले नाहीत.

"म्हंजे तुझं ज्वलन अपुरं हाय," ते म्हणाले. "जे पुरतं जळतंय त्याचा धूर न्हाय निघत."

तेव्हापासून स्टाफरूममध्ये कुणी फार तावातावानं बोलायला लागलं की सर फक्त खिडकी उघडायचे.

*

सहामाहीच्या पेपरात प्रश्न होता, कोळसा कसा तयार होतो? एकीनं लिहिलं, "आई तव्यावर भाकरी टाकून फोनवर मावशीशी बोलायला लागली की कोळसा तयार होतो."

सरांनी अर्धा मार्क दिला. मी म्हटलं, अहो, शून्य द्यायचं सोडून हे काय? तर म्हणाले, मूळ पदार्थ वनस्पतीचा आहे, उष्णता आहे, शेवटी कार्बनच उरतोय. पोरीचा फक्त काळ कमी पडला!

*

आमच्या तेव्हाच्या मोठ्या बाई फार कडक. त्या स्टाफरूममध्ये आल्या की बोलणी थांबायची आणि चहा निवायचा. रसायनशास्त्रात काही क्रिया उष्णता बाहेर टाकतात, त्या उष्मादायी, आणि काही भोवतालची उष्णता ओढून घेतात, त्या उष्माग्राही. सरांनी बाईंचं नाव उष्माग्राही ठेवलं होतं. एक दिवस ते नेमकं बाईंच्या कानावर गेलं.

त्यांनी सरांना उभं केलं आणि अर्थ विचारला. आम्ही सगळे वह्यांत डोकं घालून बसलो. सर शांतपणे म्हणाले, "बाई, उष्माग्राही म्हंजे दुसऱ्याची धग सोताच्या अंगावर घेणारा."

बाई खूश. स्वतःच्या निरोप समारंभात त्यांनी आम्हाला सांगितलं, "शिक्षकानं नेहमी उष्माग्राही असावं." टाळ्या वाजवायला सुरुवात सरांनीच केली!

*

आता खरी गोष्ट. एवढा कोळसा शिकवणाऱ्या या माणसानं जमिनीतला कोळसा कधी बघितलेला नव्हता. आपल्याकडं बघणार कुठून? पन्हाळ्यापासून पायथ्यापर्यंत सगळा काळा पाषाण. कोळशाचे थर तिकडे विदर्भात. निवृत्तीच्या आधी एकदा चंद्रपूरची खाण डोळ्यांनी बघायची, एवढीच सरांची इच्छा होती. शाळेत सगळ्यांना ती पाठ होती.

दिवाळीच्या सुट्टीत आमची स्टाफ ट्रिप निघायची. ठिकाण ठरवायची बैठक बसली की सर चंद्रपूर सुचवायचे आणि आम्ही हसायचो. कोळसा बघायला इतक्या लांब जायचं? तिथं मासे कुठं मिळणार? मग हात वर व्हायचे आणि गाडी मालवणला निघायची. सर तिथंही हौसेनं यायचे. वाळूत काडीनं थर काढून आमच्या पोरांना समजावून सांगायचे, इथं दलदल, इथं गाळ, इथं कोळसा. लाट आली की सगळं पुसलं जायचं आणि ते परत काढायचे.

एका दिवाळीला मासे खाल्ले नसते तर काय बिघडलं असतं, असं मला आता वाटतं. फार वाटतं.

*

आमच्या प्रयोगशाळेत एक काचेची बरणी होती. तिच्यावर जुन्या अक्षरात चिठ्ठी, "दगडी कोळसा". आत मुठीएवढा काळा तुकडा. सर शाळेत लागायच्या आधीपासूनची बरणी. सर दरवर्षी तो तुकडा वर्गात हातोहात फिरवायचे आणि पुसून परत आत ठेवायचे. एकुलता एक नमुना, म्हणून जाळून कधी दाखवला नाही.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी ठरवलं, या शेवटच्या पोरांना जळताना दाखवायचा. चिमट्यात तुकडा धरला, खाली बर्नर लावला. पोरं बाकांवर चढली. तुकडा तापला, चांगलाच तापला, पण पेटायचं नाव नाही. सरांच्या कपाळावर घाम आला. शेवटी पुढच्या बाकावरची पोरगी त्यांची कीव येऊन म्हणाली, "सर, पावसाळा हाय. वल्ला झाला आसंल."

सर तो तुकडा घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि भूगोलाच्या मुलाणी सरांच्या हातात दिला. मुलाणी सरांनी तो नुसता तोलला.

"चौगुले सर, ह्यो आपल्या पन्हाळ्याचा दगुड हाय."

मग मुलाणी सरांनीच जपून विचारलं, कोळसा वजनाला हलका असतो, हा हाताला जड लागला नाही का कधी?

"लागला की," सर म्हणाले. "पर नावच दगडी कोळसा. मला वाटलं, दगडावाणी जडच आसणार."

आम्ही हसलो. हसू आवरण्यासारखं नव्हतंच. सर मात्र खुर्चीत बसून त्या तुकड्याकडं बघत राहिले. थोड्या वेळानं मला म्हणाले, "पोरं मोठी होऊन कुठं कुठं गेली, बाई. समद्यास्नी म्या दगुड दाखवला."

*

मग आम्ही जागे झालो. निरोपाला शाल-श्रीफळाबरोबर मुलाणी सरांनी सरांच्या हातात पाकीट ठेवलं, चंद्रपूरच्या तिकिटांचं. आमचीच जुनी विद्यार्थिनी रेश्मा तिकडच्या एका खाणीत सर्व्हेच्या कामावर आहे. तिनं वरिष्ठांची परवानगी काढून ठेवली. सरांनी नवे बूट घेतले आणि घरातल्या घरात घालून फिरायला लागले.

निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तिकिटं मुलाणी सरांनी रद्द केली आणि त्या दिवशी ते तास न घेता नुसते वर्गात बसून राहिले.

पुढे रेश्मा सुट्टीला गावी आली. तिला घेऊन मी आणि मुलाणी सर चौगुले सरांच्या घरी गेलो. सर सोप्यात कॉटवर बसलेले, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. बोलणं परत येत होतं, पण एकेक शब्द सावकाश. वहिनी हाताला शेक द्यायला शेगडीत निखारे करत होत्या.

रेश्मानं पिशवीतून कागदात गुंडाळलेला कोळशाचा खडा काढला, विचारून आणलेला. तो सरांच्या डाव्या हातात दिला आणि म्हणाली, "सर, खाणीत पहिल्या दिवशी मी असाच एक उचलला. इतका हलका लागला की मला वाटलं, इथला कोळसा खोटा हाय!"

हसावं की नाही ते आम्हाला कळेना. सर हसले. तोंड एका बाजूला गेलं, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसतच होते. मग तो खडा त्यांनी उलटा सुलटा केला, उजेडात धरला, नखानं खरवडला, नाकाजवळ नेला. मुलाणी सर सोप्यातल्या कपाटाकडं बघत होते. काचेच्या कपाटात कुठं ठेवायचा, हे ते मनात ठरवत असावेत. मीही तेच ठरवत होते.

सरांनी वहिनींना खुणेनं शेगडी जवळ आणायला सांगितली आणि खडा निखाऱ्यावर ठेवून दिला.

"अहो सर, जपून ठेवायचा की!" मुलाणी सर उठलेच. रेश्मानं त्यांचा हात धरला.

खडा तडतडला. पिवळट धूर सोपाभर झाला, वहिनी खोकत दार उघडायला गेल्या. मग हळूहळू धूर कमी झाला आणि जाळ लागला. सरांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि शेगडीवर आणून धरला. खाली, अगदी खाली.

वहिनी दारातून धावत आल्या. "अहो, हाताला कळत न्हाय तुमच्या. भाजंल की!"

"भाजू दे," सर म्हणाले. "लई जुनं ऊन हाय त्ये."