फाटकापाशी चालू राहिलेलं इंजिन

कासारवाडीच्या चौकात सिग्नल लागला की विजेवरची बस शेजारी येऊन उभी राहते. तिचा काही आवाज होत नाही. आतले प्रवासी मोबाइलमध्ये मान घालून निवांत बसलेले असतात. थांबलेली गाडी आणि तिची पूर्ण शांतता एकत्र आली की माझा कान अजूनही आधी इंजिनाचा आवाज शोधतो. पन्नासच्या दशकात आमच्या घरात त्या शांततेचा अर्थ सरळ होता: वडिलांचं काम जाणार.

वडिलांचा ट्रक लष्कराच्या लिलावातला, देहूरोडला घेतलेला, पेट्रोलवर चालणारा. मागे दोन बाकं ठोकून ते आसपासच्या गावांतले कामगार पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात सकाळच्या शिफ्टला पोहोचवत. जाताना मला शाळेपाशी उतरवत. त्या उन्हाळ्यात ट्रक धावताना बरा चाले. पण ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिन धापा टाकत बंद पडे. रेल्वे फाटक लागलेलं असलं की हमखास. मग कामगार उतरून ढकलत, आणि शिफ्ट चुके. कारखान्याच्या साहेबांनी आवाज न चढवता सांगितलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी गाडी बघू. काम गेलं तर आम्हाला बीडकडच्या मूळ गावी परतावं लागणार होतं, आणि त्या गावात चौथीच्या पुढे शाळा नव्हती.

त्या काळच्या ड्रायव्हरांचा एक रिवाज होता. बॉनेट उघडं दिसलं की जाणारा थांबायचा, आणि थांबला की इंजिनाला हवेत पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवल्याशिवाय पुढे जायचा नाही. एकाला पेट्रोल जास्त वाटे, दुसऱ्याला कमी. वडील कोणाला अडवत नसत. मदतीला आलेल्याचा हात धरणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. चिंचवडच्या मिस्त्रींना आम्ही चाचा म्हणत असू. त्यांनी कार्बोरेटर दोनदा खोलला, फुंकला, पुन्हा बसवला. फरक पडला नाही.

"गाडी तुमची हाय राव," चाचा म्हणाले, "पण स्क्रू सरकारी झालाय. येतो तो फिरवतो."

"तुम्ही तरी कुठं सोडला, चाचा?" वडील म्हणाले.

रविवारी चाचांच्या दारात ट्रक बॉनेट उघडून, इंजिन कसंबसं चालू ठेवून उभा होता. उन्हाने पेट्रोल तापत असेल, अशी शंका घेऊन वडिलांनी ओलं फडकं इंजिनावर टाकलं. इंजिन एकदम सावरलं. फडकं उचललं, पुन्हा धाप लागली. टाकलं, सावरलं. फडक्याचं एक टोक एका जागी आत ओढलं जाऊन चिकटून बसत होतं. तिथे एक लाकडी बूच होतं, आणि ते वडिलांनीच बसवलेलं होतं.

इंजिन आत हवा खेचतं, त्या ओढीवरच तेव्हा काच पुसायचा वायपर चाले. पावसाळा संपला की चोरीला जाऊ नये म्हणून वायपर काढून घरात ठेवायची आमच्याकडे पद्धत होती. उघड्या पडलेल्या नळीला वडिलांनी बाभळीचं बूच हौसेने तासून ठोकलं होतं. थंडीत ते घट्ट होतं. उन्हाळ्यात वाळून आकसलं आणि कडेने हवा शिरू लागली. कार्बोरेटर पेट्रोल मोजून देत होता, पण हवेचं माप भलतीकडूनच बिघडत होतं, आणि पाय उचलल्यावर ओढ सर्वात जोराची असल्याने इंजिन तेव्हाच बंद पडे.

चाचांनी बूच दोन बोटांनी उपसून काढलं. "बिचारा कार्बोरेटर," ते म्हणाले, "महिनाभर दुसऱ्याचा मार खातोय." त्यांनी उघड्या तोंडावर रबरी नळीचा तुकडा चढवला आणि तो दुमडून तारेने आवळून बांधला. मग स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद केला आणि कान देऊन थोडा थोडा सोडत नेला. इंजिन एका लयीत आलं तिथे ते थांबले. "आता याला कुणी हात लावला तर माझ्याशी गाठ हाय. तुम्ही धरून."

सोमवारी फाटक लागलेलंच होतं. वडिलांनी पाय उचलला. मागच्या बाकांवरचे दोघे कामगार सवयीने खाली उतरून उभे राहिले. आगगाडी यायला वेळ लागला, ती गेली, रुळांचा आवाज विरला. इंजिन चालूच होतं.

"ढकलायचं न्हाई व्हय आज?" खालून एकाने विचारलं.

"न्हाई," दुसरा म्हणाला. "चढ वर. आज आपल्याला नुसती शिफ्टच करायचीय."

फाटक उघडलं तरी वडिलांनी लगेच गिअर टाकला नाही. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवणारा हा माणूस हात मांडीवर ठेवून नुसता ऐकत बसला होता. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तेव्हा ते भानावर आले. भोंगा व्हायच्या आत ट्रक कारखान्याच्या दारात पोहोचला.

त्या वर्षी आम्ही गावी परतलो नाही, पुढेही नाही. पाचवीचा वर्ग मी पिंपरीतच पाहिला. सुटका म्हटलं की लोक मोठ्या प्रसंगांची नावं घेतात. मला मात्र फाटक उघडल्यानंतरचा तो थोडासा वेळ आठवतो, पुढे जायला रस्ता मोकळा असताना वडील थांबून राहिले होते तो.